उलव्याचा डोंगर, बाबांचा दगड आणि २ पेत्र ३:१० : जाणकारांनी सांगावं

उलव्याची रूथ

जय ख्रिस्त सर्वांना. प्रश्न लांबलाय, आधीच माफी मागते.

आम्ही मूळचे नगरचे. बाबा नोकरीसाठी १९९१ ला उरणकडे आले तेव्हा या पट्ट्यात मराठी ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याएवढी. चर्चची इमारत नाही, पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. रविवारी कुणाच्या तरी घरी सतरंजी टाकून भक्ती. पण पुनरुत्थानाच्या रविवारची पहाटेची भक्ती मात्र उघड्यावरच झाली पाहिजे, हा बाबांचा हट्ट. त्यासाठी उलव्याच्या डोंगरावरचा एक सपाट खडक ठरलेला होता. चार वाजता उठायचं, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, आणि दोन काकांनी मिळून उचललेली बाजाची पेटी. वर पोचेपर्यंत भात्यात धूळ गेलेली असायची, पहिल्या गीताला एक सूर हमखास खोकायचा. खडकावर मेणबत्त्या चिकटवायच्या. वाऱ्यापुढे ज्योत टिकायची नाही, मेण मात्र टिकायचं. पुढच्या वर्षी गेलं की मागच्या वर्षीचे पिवळट थर तिथेच, मुंग्या चिकटलेले.

नवी मुंबई विमानतळासाठी तो डोंगर कापला हे तुम्हाला माहीत आहेच. ९० मीटरच्या आसपास उंची होती, विमानांच्या वाटेत येत होता. तो सपाट केला आणि त्याचाच दगड-मुरूम खालच्या दलदलीत भरावाला गेला. विमानतळ नको होता असं मी म्हणणार नाही, माझा नवराच तिथे कामाला लागलाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं त्या दिवशी बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "आपण बसायचो तिथे आता नुसती हवा आहे." एवढंच. मग चहा मागितला.

शेवटच्या वर्षी बाबांनी त्या खडकाचा एक तुकडा घरी आणला होता. मुठीपेक्षा जरा मोठा, काळा, एका कडेला मेणाचा ठिपका. खिडकीत बायबलशेजारी असायचा. गेल्या महिन्यात आमच्याकडे प्रार्थनासभा झाली. एका बंधूंनी दगडाची चौकशी केली, बाबांनी हौसेने सगळं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "काका, २ पेत्र ३:१० वाचा. पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं जळून जाणार आहे. नाशवंतात जीव अडकवणं म्हणजे अविश्वास. आणि वचनाशेजारी दगड ठेवणं ही मूर्तिपूजेची पहिली पायरी." बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दगड गॅलरीत तुळशीच्या... म्हणजे आमच्या ओव्याच्या कुंडीमागे गेला होता.

त्यात माझा धाकटा, तिसरीतला. शब्बाथशाळेतून आल्यापासून मागे लागलाय. डोंगराच्या आधी काय होतं? सांगितलं, लाव्हा. लाव्ह्याच्या आधी? पृथ्वी तयार होत होती. त्याच्या आधी? देव होता. "आणि देवाच्या आधी? आणि इतकी वर्षं एकटा बसून तो कंटाळला नाही? म्हातारा कसा झाला नाही?"

दोन गोष्टी सांगा. सृष्टी नाशवंत आहे म्हणून तिच्यासाठी रडणं खरंच अविश्वास आहे का? आणि पोराला काय सांगू?

क्रशरवाला, पनवेल

ताई, यशया ४०:४ काढा. प्रत्येक डोंगर सखल होईल, प्रत्येक दरी भरून येईल. तुमच्या डोंगराचं शब्दशः तेच झालं की! राग मानू नका, आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत हा विनोद रोज व्हायचा.

मी ख्रिस्ती नाही, बायको आहे, म्हणून वचनं कानावर पडतात. बारा वर्षं दगडखाणीवर सुपरवायझर होतो. तो काळा पाषाण, कोकणापासून दख्खनपर्यंत पसरलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भोंगा वाजला की माणसं लांब उभी करायची, कानांवर हात. धूळ बसल्यावर पाहिलं की साडेसहा कोटी वर्षं ढिगाऱ्यात पडलेली. लोक म्हणतात देव डोंगरासारखा अढळ. मला ते वाक्य आता पटत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मास्तर_वाशी

रूथताई, आधी तो दगड कुंडीमागून आत आणा. मग पुढचं वाचा.

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं मंडळीत शास्त्र शिकवतोय, त्यामुळे पाल्हाळ लावायची खोड आहे. चालवून घ्या.

नाशवंत सृष्टी आणि सनातन देव म्हटलं की पहिलं बोट स्तोत्र १०२ वर जातं. ओवी २५ ते २७. मी माझ्या शब्दांत सांगतो: पृथ्वीचा पाया तू घातलास, आकाश तुझ्या हातचं काम. ती सरतील, तू राहशील. अंगावरच्या कपड्यासारखी ती विरतील, कपडा बदलावा तशी तू ती बदलशील. तू मात्र तोच, तुझ्या वर्षांना शेवट नाही. नव्या करारात इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे शब्द प्रभू येशूला लावलेत. ही शिकवण आपल्या विश्वासाच्या मुळाशी आहे, यात वाद नाही. बंधूंचं तेवढं बरोबर.

पण हे बोलणारा माणूस कोण? स्तोत्राच्या माथ्यावरच लिहिलंय: एका पीडिताची प्रार्थना. तो काही गादीवर बसून तत्त्वज्ञान सांगत नाहीये. दिवस धुरासारखे चाललेत, हाडं चुलीसारखी तापलीत, भाकरी खायचीही शुद्ध नाही, पडक्या जागेतल्या घुबडासारखं झालंय, छपरावर एकट्या राहिलेल्या चिमणीसारखा रात्रभर जागा आहे. सियोन, म्हणजे त्याचं यरुशलेम, ढिगारा होऊन पडलंय. आणि मग ओवी १४ पाहा. तुझ्या सेवकांना तिचे दगड प्रिय आहेत, तिच्या धुळीचीही त्यांना कणव येते.

दगड, ताई. आणि धूळ.

ओवी १४ मध्ये ढिगाऱ्यातल्या दगडांवर माया करणारा आणि ओवी २६ मध्ये आकाशसुद्धा विरेल म्हणणारा माणूस एकच आहे. मध्ये फक्त अकरा ओव्या. त्याला दोन्हींत विरोध दिसला नाही. देव सनातन आहे हे तो कशासाठी बोलतो तेही बघा. ओवी २४ मध्ये तो चक्क गाऱ्हाणं घालतो: आयुष्याच्या मध्यावरच मला उचलू नकोस, तुझी वर्षं तर पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणजे तुझ्याकडे भरपूर आहे, मला थोडं दे! सावकाराच्या नव्हे, बापाच्या दारात उभं राहून मागतात तसं. देवाचं सनातनपण त्याने रडणं थांबवायला वापरलं नाही, रडायला हक्काची जागा म्हणून वापरलं. तुमच्या बाबांनी चहा मागण्याआधी जे एक वाक्य म्हटलं ना, ते या स्तोत्राच्या जातीचं आहे.

आता २ पेत्र ३. बंधूंनी १० वी ओवी वाचली, १३ पर्यंत जायला हवं होतं. तिथे नवं आकाश आणि नवी पृथ्वी आहे. मूळ ग्रीकमध्ये 'नवं' साठी शब्द आहे कायनोस. नुसतं ताजं, कालपरवा झालेलं, यासाठी नेओस हा दुसरा शब्द ग्रीकमध्ये होता. कायनोसचा रोख नवेपणाच्या गुणावर असतो. त्याच अध्यायात सहावी ओवी म्हणते की जलप्रलयात तेव्हाच्या जगाचा नाश झाला. पण नोहा तारवातून उतरला तो याच पृथ्वीवर ना? आणखी एक. आपल्या छापील बायबलात दहाव्या ओवीत पृथ्वी आणि तिच्यावरची कामं 'जळून जातील' असं वाचतो. पण चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं, सीनायची आणि व्हॅटिकनची, तिथे वेगळं क्रियापद देतात: 'आढळतील', म्हणजे उघडी पडतील. सोनाराच्या मुशीत टाकल्यावर खरं-खोटं उघड पडतं तसं काहीसं. पंडितांत यावर खल आहे, पण एवढ्या नाजूक ओवीवर म्हाताऱ्या माणसाला अविश्वासी ठरवू नये हे कळायला ग्रीक लागत नाही.

रोमकरांस पत्र ८ मध्ये तर पौल म्हणतो की सारी सृष्टी कण्हतेय, आणि ते कण्हणं बाळंतवेणांचं आहे. तिलाही नाशाच्या दास्यातून सुटायचं आहे. सृष्टी टाकून द्यायची असती तर तिच्या कळा मोजत कोण बसलं असतं?

मूर्तिपूजेचं म्हणाल तर यहोशवा ४. यार्देन ओलांडल्यावर देवानेच नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणायला लावले. कारणही तिथेच आहे: पुढे तुमची मुलं विचारतील, या दगडांचा अर्थ काय? तुमचा तिसरीतला तेच करतोय.

क्रशरवाले दादा, तुमचं वाक्य मला फार आवडलं. स्तोत्र ९० देवाला डोंगरासारखा म्हणतच नाही. डोंगर जन्मण्याच्याही आधीपासून तू देव आहेस, असं म्हणतं. डोंगर आपल्यापेक्षा जास्त टिकतो आणि देव डोंगरापेक्षा जास्त, असा तो हिशोब नाही. आपलं असणं आणि डोंगराचं असणं, दोन्ही उसनी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी. देवाचं असणं कुणाकडून आणलेलं नाही. जळत्या झुडपातून मोशेला नाव सांगताना तो म्हणाला, 'मी आहे तो आहे'. आणि यशया ५४:१० चा आशय ऐका: डोंगर हलतील, टेकड्या ढळतील, पण माझी दया तुझ्यापासून ढळणार नाही. ही ओवी तुमच्या बाबांना पाठ असणार, पैज लावतो.

माळकरी_कळवा

मास्तर, मध्येच तोंड घालतो. आम्ही वारकरी घरातले, पण शेजार ख्रिस्ती आणि मैत्री तीस वर्षांची. तुम्ही वस्त्राचं सांगितलंत आणि मी ताडकन उठून बसलो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्र आहेच की! मग तुमचंही म्हणणं जग म्हणजे माया, खरं एकच ब्रह्म, असंच झालं का?

मास्तर_वाशी

माउली, पकडलंत बरोबर. उपमा एकच, पण कपडा कुणाच्या अंगावरचा ते बघा. गीतेत देही जुनी शरीरं टाकून नवी घेतो. स्तोत्रात जुनं होणारं वस्त्र म्हणजे आकाश आणि पृथ्वी, आणि ते बदलणारा देव. माणूस तिथे कपडा बदलत नाही, तो स्वतःच विरणाऱ्यांच्या बाजूला आहे.

आणि मायेचं म्हणाल तर नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपल्या कामाकडे बघून 'चांगलं आहे' असं सात वेळा म्हणतो, सातव्यांदा तर 'फार चांगलं'. जे भासच आहे त्याला कोण चांगलं म्हणेल? कपडा विरतो याचा अर्थ तो खोटा होता असा नाही. अंगावर होता, थंडीत ऊब दिली, म्हणूनच विरला.

गोंधळ आपल्या भाषांतरानेही होतो बरं का. बायबलातलं 'उपदेशक' हे पुस्तक सुरू होतं ते 'व्यर्थ, सगळं व्यर्थ' असं. मराठी कानाला ते वैराग्याचं प्रवचन वाटतं. मूळ हिब्रू शब्द हेवेल, म्हणजे श्वास, तोंडातून निघणारी वाफ. डिसेंबरात नगरला पहाटे बोलताना तोंडापुढे दिसते ती. खरी असते, दिसते, मुठीत धरता येत नाही. काइनाच्या हातून मेलेल्या हाबेलचं नावही हिब्रूत हेच आहे. (या शब्दावर मी एकदा वर्गात तास घालवला होता, मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले तरी कळलं नाही.)

तलावपाळीचा_थॉमस

मी कॅथलिक, मूळ वसईचा, आता ठाण्यात. मास्तरांनी मोठ्यांचं उत्तर दिलंय, मी छोट्याचं घेतो, कारण माझ्या मुलीनेही हेच छळलं होतं.

हा प्रश्न फार जुना आहे. संत ऑगस्टीनला लोक विचारायचे, आकाश-पृथ्वी करण्याआधी देव काय करत होता? तेव्हा एक थट्टेचं उत्तर प्रचलित होतं: असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता! ऑगस्टीनने ते सांगून वर म्हटलं, मी असं उत्तर देणार नाही. इसवी सन ४०० च्या सुमाराची गोष्ट. त्याचं खरं उत्तर असं की 'आधी' हा शब्दच काळाचा आहे आणि काळही देवानेच निर्माण केला. काळ नव्हता तिथे 'तेव्हा' कुठला? त्यामुळे कंटाळा यायलाही जागा नाही. वाट बघावी लागते त्याला कंटाळा येतो, आणि वय व्हायला वर्षं एकामागून एक जावी लागतात.

पोराला हे असं सांगू नका, झोपेल. संत थॉमस अक्वायनसचं उदाहरण सांगा. रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावर उभ्या असलेल्याला सगळा रस्ता एकदम दिसतो. मुलीला मी येऊरच्या वाटेवरून घोडबंदर दाखवला होता. तुमच्या डोंगरावरून आम्र मार्गावरची कंटेनरची रांग दिसत असणार. पहिला ट्रक, मधला, शेवटचा, सगळे एकाच नजरेत. ट्रकवाल्याला फक्त पुढच्याचा टेललाइट. देवाला आपलं काल, आज, उद्या असं दिसतं. (डोंगर नाही तर आता गच्चीवरून दाखवा. उपमा जरा ठेंगणी होईल.)

आमच्याकडे दर वर्षी एक गोष्ट होते तीही सांगतो. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर विस्तव पेटवतात आणि पास्काची मोठी मेणबत्ती आणतात. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्टला मी एकदा अगदी पुढे उभा होतो. फादरनी मेणावर आधी क्रूस कोरला, वर ग्रीकचं पहिलं अक्षर आल्फा, खाली शेवटचं ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. तोंडाने म्हणतात, ख्रिस्त काल आणि आज, आरंभ आणि शेवट, सर्व काळ त्याचा. मग धूपाचे पाच दाणे त्यात खोचतात, पाच जखमांचे. माझं लक्ष मात्र आकड्यांवर. फादरांच्या नखात मेण गेलं होतं, शेवटचा आकडा जरा वाकडा आला. सर्व काळाचा धनी, आणि त्याच्या मेणबत्तीवर आपलं एक बारकंसं वर्ष. ती मेणबत्ती वर्षभर बाप्तिस्म्याला पेटते, मयतीच्या वेळी शवपेटीजवळही ठेवतात. वर्ष सरता सरता बुटकी होते. पुढच्या ईस्टरला नवी.

रूथताई, तुम्ही आई आहात म्हणून अजून एक. आमच्या बायबलात मक्काबीची पुस्तकं आहेत, तुमच्याकडे नाहीत. दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात एका आईची सहा मुलं तिच्यासमोर मारली जातात. सातव्याला, सगळ्यात धाकट्याला, ती म्हणते, बाळा, आकाशाकडे बघ, पृथ्वीकडे बघ, हे सगळं देवाने काही नसताना केलं. देवाने शून्यातून सृष्टी केली हे आपण सगळेच मानतो, पण इतकं स्पष्ट ते प्रथम एका आईच्या तोंडी येतं, आणि तेही अशा वेळी.

क्रशरवाला, पनवेल

मग आत्मा अमर म्हणता ते? तोही देवासारखा सनातन झाला की.

तलावपाळीचा_थॉमस

नाही दादा. त्याला सुरुवात आहे. संपत नाही कारण देव त्याला धरून ठेवतो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात (६:१६) म्हटलंय, अमरपण फक्त देवापाशी. आपलं ते मास्तरांच्या साखरेच्या वाटीतलं.

उलव्याची रूथ

सगळ्यांचे आभार. मास्तर, पैज तुम्ही जिंकलात. ५४:१० अर्धं वाचलं आणि पुढचं बाबांनीच म्हटलं.

काल संध्याकाळी त्यांच्यासमोर १०२ उघडलं आणि मुद्दाम १४ व्या ओवीपासून सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "तेराव्यापासून वाच. मधूनच काय उचलतेस?" तेराव्या ओवीत तू उठशील, सियोनेवर दया करशील, तिची वेळ आली आहे, असं आहे. मग चौदावी वाचली. बाबा जरा गप्प बसले, मग म्हणाले, "त्या बंधूला पुढच्या सभेला बोलाव. जेवायलाच बोलाव." दगडाचा विषय काढला नाही. सकाळी दगड खिडकीत होता, ओव्याच्या कुंडीतली माती पुसून.

धाकट्याला ट्रकची रांग पटली. लगेच पुढचा प्रश्न, "मग माझा उद्याचा गणिताचा पेपर देवाला दिसतोय?" दिसतोय म्हटलं. "मला सांगेल का?" यावर कुठल्या संताचं काही असेल तर थॉमसदादा कळवा.

या वर्षी पहाटेची भक्ती आमच्या गच्चीवर करायचं ठरलंय. सेक्रेटरींनी चावी द्यायचं कबूल केलंय, आवाज कमी ठेवा या अटीवर. त्यासाठी मदत हवी आहे: पनवेल किंवा वाशीत जुन्या बाजाच्या पेटीचं काम करणारं कुणी माहीत आहे का? भाता दोन ठिकाणी फाटलाय, तो मधला सा अजून खोकतो. उघडून पाहिली तर कोपऱ्याकोपऱ्यांत तांबडी धूळ बसलीय. बाबांचं म्हणणं, भाता बदला, पण आतली धूळ झटकू नका. हे कारागिराला समजावून सांगता येईल असा कुणीतरी ओळखीचा हवा.